डोळे उन्हातच बघायचे

"उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस नरसबाई, तर ह्या उलथन्यानं टाळकं फोडीन!"

ठकूबाईच्या हातात उलथनं खरंच होतं, तव्यावरून तसंच उचललेलं, तापलेलं. भाकरी करता करता उठून दारात येऊन उभी राहिली होती. ठकूबाई म्हणजे साडेसहा फूट बाई. दारातून आत जाताना ती वाकायची नाही, दारच जरा वर सरकायचं. हसू नकोस गं पोरी, दिवस आहेत तुला, आता पोट सांभाळून हसायचं. बरं, सहा फूट धर. पण मिशी होती. त्यातला एक केस कमी करणार नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. अंगावर सरकारी पांढरं पातळ, खांद्याला पिशवी. खडकसावळी आणि आजूबाजूच्या चार वाड्या माझ्याकडे होत्या.

"मावशी, सुई नाही, गोळी नाही," मी म्हणाले. "वेणूला नुसती बघते नि जाते."

"बघायला ती काय जत्रा हाय?"

"बाई, या की आत," माजघरातून बारीक आवाज आला.

"तू गप गं!" ठकूबाई मागं वळून ओरडली. तेवढ्यात तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास सुटला. ती चुलीकडं धावली आणि मी तिच्या काखेखालून आत शिरले.

वेणू म्हणजे ठकूबाईची धाकटी सून. सातवा सरत आला होता. थोरली सून रकमा, तिलाही सातवाच होता. तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. कावीळ.

एक्याऐंशी साल होतं. त्या पावसाळ्याच्या आधी गावात पहिल्यांदा नळाचं पाणी आलं होतं. पेढे वाटले होते गावानं. पाइप नेमका गटाराखालून गेलेला, ते कुणी बघितलं नाही. पाऊस उघडला आणि घराघरात माणसं पिवळी पडायला लागली. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, ही पाण्यातून येते. गड्यामाणसाला धरली तर तीन आठवडे निजवते आणि सोडून देते. पोटुशी बाईला धरली, की सोडायचं नावच घेत नाही. चार-सहा दिवसांत झोप लागते, आणि त्या झोपेतून बाई उठत नाही."

"हिचं नाव काय, साहेब?"

"अजून नाव नाही. ए म्हणून तपासली तर ए निघत नाही, बी म्हणून तपासली तर बी निघत नाही."

"मग रजिस्टरला काय लिहू?"

"कावीळ लिहा आणि पुढं रेघ ओढा."

मला ते फार लागलं बघ. भुतालासुद्धा नाव असतं.

तर माजघर. खिडकीला पोतं लावलेलं. वर चाळीसचा बल्ब, धुरानं काळपटलेला. त्याच्याखाली वेणू बसली होती. कपाळापासून पायाच्या नखापर्यंत तेलात कालवलेली हळद थापलेली. कानाच्या पाळ्यासुद्धा सोडल्या नव्हत्या.

"हे काय गं?"

"रकमा फिरतीया," मागून ठकूबाई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "पोटुशी गेली ती. एकटी न्हाई जायची. फुलानं भर दुपारी नळाजवळ बघितली तिला. हळद लावली म्हंजी वळकू येत न्हाई. गावातल्या चारी पोटुश्यांना लावलीया."

शालन, गजरा, फुला आणि ही वेणू. चौघी चार घरांत अंधारात बसलेल्या, चौघी हळदीनं माखलेल्या. आणि मला शोधायचं होतं पिवळं!

मी वेणूच्या पापण्या अंगठ्यानं खाली ओढल्या. डोळे पिवळे दिसले. मग मी माझा हात बल्बखाली धरला. तोही पिवळा. माझं पातळ पिवळं, भिंत पिवळी, ठकूबाईचे दात पिवळे. त्या उजेडात पांढरं काही शिल्लकच नव्हतं.

"ओकतेस का?"

"भाकरीचा वास नको वाटतो, बाई."

"ताप?"

"कणकण हाय जरा."

"डोहाळं हायत ते," ठकूबाई म्हणाली. "मला तर चार म्हैने पाण्याचाबी वास यायचा."

"लघवी कशी होते?"

"आता गं बया!" ठकूबाईनं कपाळावर हात मारला. वेणूनं मान खाली घातली. गावातल्या बाया पहाटे, दिसायच्या आत, रानात जायच्या. रंग कुणी बघितलाय?

"मावशी, हिची हळद धुवा आणि तासभर उन्हात आणा. डोळे मला उन्हात बघू द्या."

"दुपारची? भायेर? रकमा टपून बसली असताना?" तिनं उलथनं परत उचललं. "नीघ."

मी निघाले. वेणू माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे कसे आहेत, ते मला काही कळलं नाही.

उपकेंद्रात येऊन बसले. वाटलं, सरळ जाऊन सांगावं, बायांनो, पाणी उकळून प्या, उन्हात या. पण ते मी महिनाभर सांगतच होते. जळण कुठलं आणायचं, म्हणायच्या. उकळलेलं पाणी बेचव लागतं, म्हणायच्या. माझं खरं कुणी ऐकत नव्हतं.

आता, खोटं बोलण्यात मात्र माझा हात धरणारी बाई चार तालुक्यांत नव्हती. शाळेत असताना मी मास्तरांना सांगितलं होतं, की आमच्या म्हशीनं माझी पाटी खाल्ली आणि त्या दिवशी दुधावर बाराखडी उमटली. मास्तर दूध बघायला घरी आले होते!

दुसऱ्या दिवशी मी ठकूबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. आत गेले नाही. पान लावलं. चुना जरा जास्तच झाला, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. ते कामाला आलं.

"मावशी," मी म्हणाले, "रकमा आली होती."

आत जातं थांबलं. ठकूबाई बाहेर आली. हातात काही नव्हतं.

"कुटं?"

"उपकेंद्रात. डुलकी लागली होती मला. समोरच्या बाकावर येऊन बसली."

"लुगडं कंचं?"

"हिरवं." ओटीभरणाचं लुगडं हिरवंच असतं, ते सांगायला स्वप्न कशाला पडायला हवं?

"आन् तोंड?"

तोंड कसं सांगावं, ते मला सुचेना. "दाखवलं नाही. पदर पुढं ओढलेला."

ठकूबाई मटकन खाली बसली. एवढी मोठी बाई, पण बसल्यावर केवढीशी झाली. "न्हाई दाखवायची," ती म्हणाली. "माझ्यावर राग हाय तिचा. पडून ऱ्हाऊ द्या म्हणत व्हती. म्या म्हणलं, दोन पायली दळून मग पड. दळलं बिचारीनं."

मला एकदम उठून पळावंसं वाटलं. पण गोष्ट सुरू केली, की मधे सोडता येत नाही. अर्धवट सोडलेली गोष्ट अंगावर येते.

"ती म्हणाली, शुक्रवारी भर बारा वाजता सटवाईच्या खडकावर चारीजणींना आणा. हळद पार धुऊन. तोंडावर पदर, आणि कुणी बोलायचं नाही. नरसबाईनं सगळ्यांच्या ओट्या भरायच्या आणि एकेकीचे डोळे बघायचे. जिचे पिवळे निघतील, तिला मी धरलंय. तिला दिवस मावळायच्या आत नदीपलीकडं न्या. नदी मला ओलांडता येत नाही."

"नदीपल्याड कुटं?"

"मोठ्या दवाखान्यात. तिथं रात्रंदिवस दिवे असतात, माणसं असतात. तिथं कशी येईल ती?"

"आन् बाकीच्या?"

"त्यांनी खळखळ उकळलेलंच पाणी प्यायचं. ती कच्च्या पाण्यातून येते. विस्तवावरून गेलेल्या पाण्याला ती शिवत नाही."

बघ, यात खोटं कितीसं होतं? एक नाव तेवढं बदललं होतं मी.

ठकूबाई बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसली. मग म्हणाली, "ओटीचं सामान मी आणीन."

शुक्रवार उजाडला. सटवाईचा खडक गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं. काळाकुळकुळीत, सपाट, खळ्याएवढा मोठा. जवळ एक झाड नाही. आश्विनातलं ऊन असं, की खडकावर पीठ थापलं असतं तर भाकरी फुगली असती. हे मी वाढवून सांगत नाही. मी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली, देवीची माफी मागून. मग उपकेंद्रातून आणलेले चार पाट ओळीनं मांडले.

आरोग्य खात्याची जीप मी बाभळींच्या आड उभी करवली होती. ड्रायव्हर मुसाभाई, सहा पोरांचा बाप, दाढीवाला मोठा गडी.

"बाई, मी खाली उतरायचा न्हाई," तो म्हणाला. "आदीच सांगून ठेवतो."

"अरे, मीच बनवलेली गोष्ट आहे ती!"

"तुमी बनवली. पण तिला ठावं हाय का, तुमी बनवली ते?"

गावातली माणसं पांदीच्या तोंडाशी थांबली. बाप्यांना पुढं यायची बंदी केली होती मीच. चौघी आल्या, पदर हनुवटीपर्यंत ओढलेले, एकमेकींच्या पाठीला धरून. मागं ठकूबाई, डोक्यावर ओटीची पाटी, वर लाल फडकं. पाटी तिनं माझ्यापुढं ठेवली आणि खडकाच्या कडेला जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली.

"म्या बघायची न्हाई," ती म्हणाली. "माझ्यासमोर ती यायची न्हाई."

बारा वाजले. तुला ठाऊक आहे, बाराचं ऊन सरळ डोक्यावर येतं. कुणाची सावली म्हणून पडत नाही. आवाजही नव्हता. एरवी त्या ओढ्याला कितीतरी होले घुमतात. त्या दिवशी एकाचाही आवाज नाही.

मी ओट्या भरायला घेतल्या. फडक्याखाली हात घालायचा, खण काढायचा, नारळ काढायचा, तांदळाची ओंजळ भरायची. पहिली शालन. तिच्या मनगटावर गोंदलेला विंचू, म्हणून ओळखली. दुसरी गजरा, श्वास धापा टाकल्यासारखा. तिसरी फुला, भीतीनं पदरासकट थरथरत होती. मग चौथी. मग वेणू, टोकाला, चांदीचं मोठं कडं हातात.

हात चालले होते, तोंडानं मी काहीबाही पुटपुटत होते. लहानपणीच्या कवितासुद्धा म्हटल्या असतील. चौथीपाशी एवढंच मनात आलं, की ही पाटावर नाहीये. उघड्या खडकावर बसलीय. म्हटलं, पाट एक कमी आणला वाटतं.

"अगं, भाजेल ना," मी हळूच म्हणाले. "सरक पाटावर."

ती हलली नाही. तिनं नुसती ओटी पसरली. तांदूळ घालताना माझी बोटं तिच्या पदराला लागली. पदर गार होता. घागरीखालच्या ओल्या फडक्यासारखा.

ओट्या झाल्या. आता डोळे. शालनचा पदर वर केला, हनुवटी उचलली, पापणी खाली ओढली. पांढरा, स्वच्छ. उन्हात बघितल्यावर कसं लख्ख दिसतं! माझा जीव भांड्यात पडला. गजरा, पांढरे. फुला, रडून लाल झालेले, पण पांढरेच.

चौथीचा पदर मी वर केला.

हळकुंड ओलं असतं ना, शेतातून काढलेलं? ते मधोमध मोडल्यावर आतून जो रंग निघतो, तो रंग होता त्या डोळ्यांत. त्या एवढ्या उन्हात तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या लहान झाल्या नव्हत्या. ती माझ्याकडं बघत होती, आणि मी सांगून ठेवलं होतं की कुणी बोलायचं नाही, तरी ती बोलली. फार हळू. रागानं नाही.

"आता उन्हात बघताय व्हय, बाई?"

माझ्या हातून पदर सुटला. चौघींतल्या तिघींचे डोळे बघून झाले होते, ते पांढरे निघाले होते. म्हणजे उरली कोण? मी ओरडले, "वेणू! वेणूला धरलंय! मुसाभाई, गाडी आण!"

"मला?" टोकाच्या पाटावरून वेणू उठून उभी राहिली.

मी तिचं मनगट पकडलं आणि पळत सुटले. मागं वळून बघितलं नाही. जीपपर्यंत साठ पावलं होती, सात महिन्यांच्या बाईला मी जवळजवळ उचलून नेलं. ठकूबाई जागची उठली नाही. पाठ तशीच ठेवून मोठ्यानं म्हणाली, "ने, माझे बाई. नदीपल्याड ने तिला."

आता इथून पुढं मी काही वाढवत नाही. तू हवं तर वेणूला विचार, अजून आहे ती.

जीप पुलाजवळ आली. मुसाभाईचा चेहरा उतरलेला. वेणू माझ्याशेजारी, ओटीतला नारळ पोटाशी धरून. नारळाची शेंडी तिनं बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचार."

"तुमी माझं डोळं बघितलंच न्हाईत."

"बघितले की."

"न्हाई. तुमी फुलाचं बघितलंत. मग फुलाच्या नि माझ्या मधी वाकलात. तितं कुणीच न्हवतं. लई वेळ वाकला व्हतात. मला वाटलं, काय सांडलं का काय तुमचं. आन् मग माझं नाव घेऊन वरडलात."

मुसाभाईनं गचकन ब्रेक दाबला. गाडी पुलाच्या तोंडाशी उभी राहिली, अर्धी गावाकडं, अर्धी पुलावर.

मी वेणूचं तोंड खिडकीकडं फिरवलं. लख्ख ऊन होतं. पापणी खाली ओढली, वर ओढली. दोन्ही डोळे शंखासारखे पांढरे.

"माघारी वळू का, बाई?" मुसाभाई म्हणाला.

वळायलाच हवं होतं. चांगली धडधाकट पोर दवाखान्यात नेली, तिथल्या डॉक्टरांनी हाकलून दिली, संध्याकाळी वेणू घरी परतली, तर? गावाला कळलं असतं, नरसबाई खोटं बोलली. रकमाची गोष्ट खोटी, तर पाणी उकळायचंही खोटं. उद्यापासून चौघी पुन्हा हळदीत आणि अंधारात.

पण मला रकमाचं ओटीभरण आठवत होतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दिवेलागणीची वेळ, तेच माजघर, तोच चाळीसचा बल्ब. बाया गाणी म्हणत होत्या. मला पाटावर बसवून वाढलं होतं. मी दुसरी पुरणपोळी खात होते. रकमा वाकून तूप वाढायला आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, परवा दिवसाची न्हाणीत गेले तर लगवी हळदीवानी झाली. माझं डोळं बघता का जरा?" मी पोळीचा हात तसाच ठेवून वर बघितलं. बल्बच्या उजेडात. तिच्या गालांना ओटीभरणाची हळद होती. मी म्हटलं, "काही नाही गं. हळद लागलीय, म्हणून वाटतं तसं. सकाळी बघू."

सकाळी मला दुसऱ्या वाडीला जायचं होतं. चौथ्या दिवशी परत आले, तेव्हा तिला ती झोप लागली होती.

ते तिनं माझ्या कानात सांगितलं होतं. तूप वाढता वाढता. दुसऱ्या कुणी ऐकलेलं नव्हतं. खडकावर बसलेल्या चौघींपैकी कुणाला ते माहीत असायचं कारणच नव्हतं.

"बाई," मुसाभाई पुन्हा म्हणाला, "वळू का?"

"वळू नको. चल पुढं."

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी वेणूचे डोळे बघितले आणि माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, इथं खाटा नाहीत, माणसं जमिनीवर झोपलीत. आणि तुम्ही हिला कशाला आणलीत? डोळे स्वच्छ आहेत."

"बाई, रक्त तेवढं तपासा."

"कारण काय लिहू?"

"हिच्याच घरात हिची जाऊ गेलीय काविळीनं. बारा-तेरा दिवस झाले."

त्यांनी कागदावर तेवढंच लिहिलं. रक्त काढलं. वेणूला व्हरांड्यात सतरंजी दिली. मी रात्रभर तिच्या उशाशी बसले, पाणी स्वतः उकळून, स्वतः गार करून पाजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई कागद घेऊन स्वतः व्हरांड्यात आल्या. खाट मिळाली. सलाइन लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं खिडकी उघडली आणि उन्हात वेणूचे डोळे पिवळे दिसले, आत्ता कुठं. पाचव्या दिवशी ती माझं नाव विसरली. सहाव्या दिवशी बाळंत झाली, दिवसांच्या आधी, आणि रक्त थांबेना. मुसाभाईनं एक बाटली दिली, पांढऱ्या मिशांच्या एका कंपाउंडरनं एक. खडकसावळीत असती तर ते रक्त चुलीसमोर मातीत गेलं असतं.

बावीस दिवसांनी वेणू चालत बाहेर आली. मुलगी दीड किलोची, मुसाभाईच्या तळहातावर मावेल एवढी. कागद देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, एक दिवस उशीर झाला असता तरी जमलं नसतं. डोळे पांढरे असताना तुम्हाला कसं कळलं?"

"उन्हात बघितलं," मी म्हणाले.

गावात पोचलो तर घराघरावर धूर. चुलीवर पाण्याची भांडी खळखळत होती. पाइप अजून तसाच होता, तो पुढं सहा महिन्यांनी बदलला. पण शालन, गजरा, फुला तिघी सुखरूप सुटल्या. ठकूबाईनं नातीला ओवाळून घेतलं, वेणूला आत निजवलं, खिडकीचं पोतं काढून टाकलं. मग मला ओट्यावर बोलावलं. चहा दिला. बशीत ओतून तिनंही घेतला.

"बाई, एक इचारते. खरं सांगशील?"

मी मनात म्हटलं, आता कळलं हिला. स्वप्न खोटं होतं, ते आता कबूल करावं लागणार.

"त्या दिशी वट्या किती भरल्यास?"

"चार," मी म्हणाले. "चौघीच तर होत्या."

ठकूबाईनं बशी खाली ठेवली. "म्या खण पाच आणलं व्हतं. पाच नारळ. कुणाला बोलले न्हाई. रकमाची वटी भरली तवा मी तिला नीट बोललेसुदीक न्हवते, म्हणून मनात आलं, एक तिच्या नावानं खडकावर ठिवावा. तू वेणूला घिऊन गेलीस, म्या मागं वळले, फडकं काढलं. पाटी रिकामी."

"कुणी उचलला असेल."

"कोन? तिघींच्या वटीत तीन, वेणू एक घिऊन गेली. पाचवा कुटं गेला?" मग ती माझ्याकडं बघत राहिली. "म्या पाठ केली व्हती. तू तिला बघितलीस. राग हाय का गं तिला अजून?"

ही गोष्ट मी तुझ्या आईला सांगितलीय, तुला सांगतेय, पण त्या दिवशी ठकूबाईला जे सांगितलं, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ वाक्य होतं.

"नाही, मावशी. राग नव्हता."

तिनं पदर तोंडाला लावला आणि मिशीसकट रडली.

बरं, झाली गोष्ट. आता ऊठ. चार दिवस झाले, तुझं जेवण जात नाही, कणकण आहे, आणि तुझा नवरा म्हणतो डोहाळे असतील. असतीलही. ती ट्यूबलाइट बंद कर आणि माझ्याबरोबर अंगणात चल. बारा वाजायला आलेत, वाजू देत.

आणि जाताना कोनाड्यातले पाट घे. एक नको, दोन घे. एक तुला, आणि एक तुझ्या शेजारी मांड, रिकामा असला तरी असू दे.

त्या दिवशी बिचारीला खडकावर बसावं लागलं होतं.